घाटाखाली सापडलेल्या कोंबडीविषयी

केरी, सत्तरी
मे अखेर

प्रिय बाय,

तुझं पत्र काल संध्याकाळी वाचलं, सोबतचा फोटोही नीट निरखून पाहिला. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी पालापाचोळ्यात बसलेली पांढरी कोंबडी तू ओढणीत गुंडाळून खोलीवर आणलीस, ती आता न्हाणीघरात खोक्यात आहे, आणि तू विचारतेस, "काकी, मी हिला ठेवू का?"

आणलीस ते चांगलंच केलंस. पण आसरा देणं वेगळं आणि ठेवून घेणं वेगळं. तू दोन्ही एकत्र करून जिवाला घोर लावून घेतला आहेस. आज तिला कोरडी, अंधारी, शांत जागा आणि उथळ भांड्यात पाणी दे, आजचं काम तेवढंच. पाणी चोचीत ओतू नकोस हं, श्वासनळीत जातं आणि जीव जातो. चोचीचं टोक पाण्यात बुडव, तहान असेल तर ती आपली आपण पिईल. ठेवायची की नाही हे महिनाभराने ठरव.

तू तिला बेवारशी म्हटलंस. आपल्या वाड्यांवर बेवारशी कोंबडी फारशी नसतेच. दिवसभर कुणाच्याही कुळागरात चरते, दिवेलागणीला बरोबर आपल्या खुराड्याशी येते. म्हणून रंगीत, चपळ गावठी कोंबडी दिसली तर उचलायची नाही, ती संध्याकाळी कुठे जाते ते बघायचं. राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, जागेजवळ किंवा गावाच्या वेशीवर एखादी सोडलेली दिसली तर जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नये, त्यात कुणाची तरी श्रद्धा असते. तुझी कोंबडी मात्र यातली नाही. फोटोत तिच्या वरच्या चोचीचं टोक बोथट, कापलेलं दिसतं. तुरा मोठा आणि एका बाजूला पडलेला, मानेखालची पिसं झिजलेली, नखं वाजवीपेक्षा लांब. ही पिंजऱ्यात वाढलेली लेयर, अंड्यांच्या फार्मवरची. बेळगावकडून घाट उतरणाऱ्या गाडीतून पडली असणार. तरी एकदा घाटाखालच्या चार घरांत विचारून ये. कुणी फार्मवरच्या उतरलेल्या कोंबड्या स्वस्तात घेऊन पाळतातही, आणि विचारलं नाहीस तर पुढे तुझ्याच मनाला लागून राहील.

लेयर आहे हे कळलं की बाकीचं बरंच कळतं. आपली गावठी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते, मग खुडूक होऊन बसते, अंगाला विश्रांती मिळते. ही जात तीनशेच्या वर घालण्यासाठी तयार केलेली, खुडूक होणं तिच्यातून जवळजवळ काढूनच टाकलं आहे. दीड वर्षाची झाली, अंडी कमी झाली, की फार्मवाले तिला विकतात. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून मिळालं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते. त्यामुळे अशा कोंबडीची हाडं ठिसूळ असतात. पंख धरून उचलू नकोस. दोन्ही तळहातांनी पंख अंगाशी दाबून, पोटाखाली आधार देऊन उचल. रोज ११०-१२० ग्रॅम लेयरचं खाद्य लागेल, नुसत्या भातावर आणि कणीवर ती टिकणार नाही. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, टरफलं आपल्याकडे उकिरड्यावर जातात, ती धुऊन कडक उन्हात वाळव, खलबत्त्यात कणीएवढी कुट आणि वेगळ्या करवंटीत ठेव. खाद्यात मिसळू नकोस. तिला हवी तेवढी ती वेचून खाते, आणि बहुधा दुपारनंतर, कारण कवच रात्रभर चढत असतं.

खरं तेही सांगते. एवढं करूनही या जातीला अंडं अडकणं, पोटात बलक फुटून सडणं हे पुढे मागे होतं. ती तुझ्याकडे चार वर्षं जगेल किंवा चार महिने. (ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली, असती तर मी जास्त सावध केलं असतं. पाच-सहा आठवड्यांत दोन किलो होणारं ते पिल्लूच असतं, पुढे पाय आणि काळीज साथ देत नाहीत.)

आता महिना का म्हणते ते. २००९ च्या पावसाळ्यात माझ्या मागीलदारी एक तांबडी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, भरकटून आली. भिजलेली होती, मला कणव आली. त्याच संध्याकाळी मी तिला माझ्या एकोणीस कोंबड्यांत सोडली. रानीखेतची, म्हणजे मानमोडीची लस त्या वर्षी मी चालढकल करून टोचून घेतली नव्हती. सहाव्या दिवशी दोन कोंबड्यांची विष्ठा हिरवी झाली. आठव्या दिवशी माझी सर्वांत जुनी कोंबडी चुलीजवळ येऊन उभी राहिली. मान पिळवटून उलटी गेलेली, दाणा दिसतो आहे पण चोच भलतीकडेच पडते आहे. मी दाणा हातात धरून तिच्या चोचीखाली नेत राहिले. पंधरा दिवसांत चार उरल्या. ती तलंग नंतर बरी झाली आणि पुढे दोन वर्षं जगली, म्हणून तिच्यावर राग धरायला जागा नव्हती. चूक माझी होती. त्या दिवसापासून माझ्या दारात नवी कोंबडी आली की तीस दिवस वेगळी, निदान घराच्या दुसऱ्या टोकाला. आधी आपल्या कोंबड्यांना दाणापाणी, मग तिला, मग साबणाने हात आणि पाय. तुझ्याकडे दुसऱ्या कोंबड्या नाहीत, पण घरमालकिणीच्या पाच आहेत, म्हणून हे तुलाही लागू. न्हाणीघरातून खोकं आजच मागच्या पडवीत हलव. माणसांच्या अंघोळीची जागा आणि कोंबडीची विष्ठा एकत्र नको.

विष्ठा रोज बघ. रक्त दिसलं तर रक्ती हगवण, आणि पावसात ओल्या तुसामुळे ती पटकन वाढते. नाकातून पाणी, घशात घरघर, मान वाकडी दिसली तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ने. त्यांनी औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही विचार. पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा आहेत का ते पाहा. पायाचे खवले उठलेले असतील तर खोबरेल तेल चोळ. आणि जिथे तुला ही मिळाली तिथे आणखी काही पक्षी मरून पडलेले असतील तर त्यांना हात न लावता दवाखान्यात कळव.

जागेचं बघ आता, कारण जून दारात आहे. आपल्याकडचा पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या घरातला, चार महिने काहीच वाळत नाही. चिऱ्यांचं खुराडं जमिनीपासून हातभर उंच, वर पत्रा पुढे आलेला, दाराला अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे जोड दिलेल्या तारेची चौकोनी जाळी. बारीक तारेची षट्कोनी जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दिवसा मुंगूस, रात्री उदमांजर, पावसात अजगर. दार रोज सांजेला लावायचं. एक दिवस विसरलं की संपलं. म्हणून तुला माझा पहिला प्रश्न हा आहे: गणेश चवथीला तू पाच दिवस गावी जाशील, तेव्हा दार कोण लावणार? नाव घेऊन सांगता येत असेल तरच पुढचा विचार कर.

दुसरा प्रश्न सोबतीचा. एकटी कोंबडी झुरते. ठेवायची तर एखादी गावठी किंवा ग्रामप्रिया (परसात पाळायची सुधारित जात) आणावी लागेल, आठवडाभर मध्ये जाळी ठेवून ओळख करून द्यावी लागेल. पहिले दिवस चोची मारतीलच, रक्त निघेपर्यंत मध्ये पडू नये. आणि तिसरा प्रश्न तुझी घरमालकीण विचारेलच, श्रावण संपला की हिची शागोती, म्हणजे मसालेदार रस्सा, करणार का? खाणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, आमच्या घरातही होते. पण तुझं उत्तर आधी ठरलेलं असू दे आणि तसं तिला सांगून ठेव.

तिन्हीतलं एक जरी उत्तर नाही आलं, तरी वाईट वाटून घेऊ नकोस. महिना पूर्ण कर, ती निरोगी असली तर माझ्याकडे दे, माझ्या खुराड्यात जागा आहे. रानात मात्र सोडू नकोस. पिंजऱ्यातल्या कोंबडीला झाडावर चढायचं ठाऊक नसतं.

जमलं तर उद्या सकाळी तिला लोळायला कोरड्या मातीत थोडी चुलीतली गार राख मिसळून दे. माझ्याकडे आलेली पहिली लेयर दोन दिवस भिंतीला चिकटून उभी होती, गवतावर पाय ठेवेना. तिसऱ्या दिवशी काजूच्या बुंध्याशी तिने एकदा नखाने माती उकरली, थांबली, पुन्हा उकरली. मग कुशीवर आडवी झाली, एक पंख उघडून माती अंगावर उडवायला लागली. डोळ्याची खालची पापणी हळूहळू वर चढून डोळा मिटला. कुणी शिकवलं नव्हतं. मी हातातली केरसुणी तशीच धरून उभी होते.

रविवारी पहिल्या बसने येते. वेल्डमेशचा तुकडा माझ्याकडे पडून आहे, तो आणते. तोवर विष्ठेचा रंग रोज कळव, आणि अंडं दिलं तर कवच कडक आहे की मऊ तेही.

तुझी,
काकी