नऊची शाळा आणि सातची शाळा : वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की या सदराच्या टपालात एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत येऊ लागतो : आमच्या डिस्ट्रिक्टमधली कोणती शाळा चांगली? या वेळची बहुतेक पत्रे सनीवेल आणि आसपासची आहेत, म्हणून आधी एक खुलासा. डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. कॅलिफोर्नियात पुष्कळ ठिकाणी आठवीपर्यंतच्या शाळांचे डिस्ट्रिक्ट वेगळे आणि हायस्कूलचे वेगळे असते. सनीवेल स्कूल डिस्ट्रिक्ट हे असेच आठ प्राथमिक आणि दोन मिडल स्कूल चालवणारे छोटे डिस्ट्रिक्ट आहे, आणि तेथील मुले पुढे फ्रीमॉन्ट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टकडे जातात. खालील उत्तरे अशाच छोट्या डिस्ट्रिक्टांना धरून आहेत.

प्रश्न : घराजवळच्या शाळेला शाळांची गुणवारी देणाऱ्या संकेतस्थळावर दहापैकी ७ गुण आहेत, दीड मैलावरच्या शाळेला ९. तिकडे भाडे महिन्याला चारशे डॉलर जास्त पडते. मुलगी यंदा किंडरगार्टनमध्ये जाईल. घर बदलावे का?

या कारणासाठी बदलू नये. दहापैकी दिलेला तो आकडा मुख्यतः राज्याच्या वार्षिक परीक्षेवर उभा असतो आणि ही परीक्षा तिसरीपासून सुरू होते. म्हणजे किंडरगार्टन, पहिली आणि दुसरीत बाई कशा शिकवतात, जे तुम्हाला आज हवे आहे, त्याचा त्या आकड्यात मागमूसही नसतो. पाचवीपर्यंतच्या शाळेत परीक्षा देणारे वर्ग तीनच. एका इयत्तेत साठ मुले धरली, तर एक मूल म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. तीन हुशार मुलांच्या वडिलांची बदली टेक्सासला झाली, त्यांच्या जागी नवखी मुले आली आणि आणखी दोघांनी अंगात ताप असताना परीक्षा दिली, एवढ्याने त्या इयत्तेचा निकाल आठ टक्क्यांनी घसरू शकतो. शिक्षक तेच, पुस्तके तीच, मुख्याध्यापक तेच. पालक मात्र घर शोधायला निघालेले. लहान संख्येचा हा भरवसा नसलेला स्वभाव राज्याला ठाऊक आहे, म्हणूनच शाळांची कामगिरी रंगांत दाखवणाऱ्या राज्याच्या संकेतस्थळावर, कॅलिफोर्निया स्कूल डॅशबोर्डवर, तीसपेक्षा कमी मुलांच्या गटाला रंग दिला जात नाही.

शिवाय एका डिस्ट्रिक्टमधल्या शाळा एकाच बोर्डाखाली, एकाच पगारश्रेणीवर आणि एकाच अभ्यासक्रमावर चालतात, आणि शिक्षकही या शाळेतून त्या शाळेत जातात. फरक असतो तो हद्दीतल्या घरांचा : आई-वडील किती शिकलेले, भाडे किती, या देशात येऊन किती वर्षे झाली. इंग्रजी नुकतीच शिकू लागलेली मुले ज्या शाळेत जास्त, तिची सरासरी सहसा कमी. त्यावरून शिकवणे वाईट असे ठरवणे हा त्या शिक्षकांवर अन्याय आहे आणि हा अन्याय मी दर वर्षी चहाच्या टेबलावर होताना पाहते. अजूनही एखादे काका ‘आमच्या शाळेचा एपीआय ९५० आहे’ असे ठासून सांगतात. परीक्षेच्या निकालांवरून शाळांना दिला जाणारा तो निर्देशांक राज्याने २०१३ नंतर काढलेलाच नाही.

पाहायचे असेल तर डॅशबोर्डवर एकूण सरासरी न पाहता, तुमच्या मुलीसारख्या मुलांचा गट ओळीने तीन वर्षे कसा सरकला ते पाहा, दर वर्षी १ फेब्रुवारीपर्यंत निघणारे शाळेचे अकाउंटेबिलिटी रिपोर्ट कार्ड, म्हणजे तिचा वार्षिक अहवाल, वाचा, आणि शाळा भरलेली असताना एकदा आत जाऊन या. वर्गाच्या भिंतीवरचे कागद नीट बघा. चोवीस कागदांवर एकाच साच्यातून कापलेले तेच सफरचंद आणि त्याखाली तेच वाक्य असेल, तर त्यातून काही कळते. आणि कोणी वाकड्यातिकड्या अक्षरांत, चुकीच्या स्पेलिंगसह, आपल्या आजीच्या मांजराची हकीकत लिहिली असेल आणि बाईंनी खाली ‘मग ते मांजर परत आले का?’ असे विचारले असेल, तर त्यातूनही कळते. मुख्याध्यापकांना दोनच गोष्टी विचारा : दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, आणि वाचनात मागे पडलेल्या मुलाला आठवड्यातून किती वेळा, कोण घेऊन बसते. दोन्ही शाळांत ही भेट झाल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नका.

प्रश्न : मुलाचा व्हिसा एच-४, म्हणजे आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेला, आहे. सरकारी शाळेत घेतात का?

घेतात, व्हिसा विचारला जात नाही. पत्त्याचा व जन्मतारखेचा पुरावा आणि लसीकरणाचे कार्ड लागते. भारतातले कार्ड बालरोगतज्ज्ञांना आधीच दाखवा, कारण कांजिण्यांची लस तिथल्या सरकारी वेळापत्रकात नसल्यामुळे अनेकदा राहून गेलेली असते.

प्रश्न : घराच्या जाहिरातीत ‘क्युपर्टिनोच्या शाळा’ असे लिहिले आहे, पत्ता मात्र सनीवेलचा आहे. एजंट म्हणतात, काळजी करू नका.

काळजी करा. शहराची हद्द आणि डिस्ट्रिक्टची हद्द या दोन वेगळ्या रेषा आहेत. सनीवेल शहराचा काही भाग क्युपर्टिनो युनियन या डिस्ट्रिक्टमध्ये, काही सांता क्लारा युनिफाइड या डिस्ट्रिक्टमध्ये मोडतो, त्यामुळे जाहिरात खरीही असू शकेल. पण तिच्याच तळाशी बारीक टायपात ‘शाळेची खात्री ग्राहकाने स्वतः करावी’ असे बहुधा छापलेले असते आणि एजंटची जबाबदारी तिथेच संपते. घर क्रमांकासह डिस्ट्रिक्ट कार्यालयाला ईमेल करा आणि लेखी उत्तर येईपर्यंत अनामत रक्कम देऊ नका. हद्दीत घर असूनही वर्ग भरलेला असेल, तर मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवले जाऊ शकते, हेही त्याच पत्रात विचारा. हद्दी आणि शाळा कायमच्या नसतात : मुले घटल्यामुळे क्युपर्टिनो युनियनने २०२२ मध्ये रेग्नार्ट आणि मायरहोल्झ या प्राथमिक शाळा बंद केल्या. एका शाळेच्या नावावर तीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

प्रश्न : प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा ‘मराठी’ लिहू नका, मुलाला मागे टाकतात, असे मंडळातल्या सगळ्यांनी सांगितले.

सगळ्यांनी सांगितले म्हणून ते खरे होत नाही. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलले, घरी कोणती जास्त बोलते आणि घरातली मोठी माणसे कोणती बोलतात, एवढेच तो फॉर्म विचारतो. तिथे खरे लिहा. त्यानंतर तीस दिवसांत ईएलपॅक ही इंग्रजीची चाचणी होते. तीत मूल प्रवीण ठरले की विषय संपतो. न ठरल्यास त्याचे नाव इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या यादीत जाते आणि त्याला इंग्रजीची जादा मदत देणे शाळेला बंधनकारक आहे. जपायचे असते ते वेगळ्याच ठिकाणी, कारण त्या यादीतून बाहेर काढण्याचे काम कधी कधी रेंगाळते. दर वर्षीचा निकाल मागून घ्या, आणि चौथीतही नाव यादीत असेल तर वर्गशिक्षकांसह बैठक मागा.

प्रश्न : मुलाचा जन्म २० सप्टेंबरचा आहे. थोडक्यासाठी किंडरगार्टन हुकते का?

हो. १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण हवीत. तोवर टीके, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचा ट्रान्झिशनल किंडरगार्टनचा वर्ग, आहे.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही. सासूबाई म्हणतात, त्याचे बाबाही उशिरा बोलले. शेजारीण म्हणते, मराठी बंद करा. अशा मुलांसाठी कोणती शाळा चांगली?

शाळा निवडत बसू नका. आजच डिस्ट्रिक्टच्या विशेष शिक्षण विभागाला लेखी अर्ज करा. तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची तपासणी डिस्ट्रिक्टने करायची असते, मग त्याचे नाव शाळेत घातलेले असो वा नसो. अर्ज पोचल्यापासून १५ दिवसांत तपासणीची योजना तुमच्या हाती यावी लागते, आणि तिच्यावर सही करून दिल्यापासून ६० दिवसांत आयईपीची, म्हणजे त्या मुलापुरत्या आखलेल्या शिक्षण योजनेची, बैठक. तोंडी विचारपूस केली तर यातला एकही दिवस मोजला जात नाही, आणि तुम्ही आधीच वर्ष घालवले आहे. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये अशा सेवा सहसा एक-दोन शाळांतच असतात, त्यामुळे शाळा त्या बैठकीतच ठरेल. दरम्यान बालरोगतज्ज्ञांकडून कानांची तपासणी करून घ्या. मराठी बंद करू नका. दोन भाषा ऐकल्याने बोलण्याचा दोष निर्माण होत नाही.

प्रश्न : डिसेंबरमध्ये चार आठवडे पुण्याला जायचे आहे. शाळा हरकत घेईल का?

घेईल, आणि घ्यावी. वर्षातल्या १८० दिवसांपैकी १८ दिवस बुडाले की मूल ‘सतत गैरहजर’ या यादीत जाते आणि शाळेचा डॅशबोर्डवरचा रंगही त्यावर ठरतो. तिकिटे काढण्याआधी कार्यालयात जाऊन इंडिपेंडंट स्टडीचा, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास पूर्ण करण्याचा, लेखी करार मिळतो का ते विचारा. न सांगता गेल्यास काही डिस्ट्रिक्ट नाव काढतात आणि परतल्यावर त्याच शाळेत जागा उरलेली नसते.

प्रश्न : शाळेसाठी देणग्या गोळा करणाऱ्या फाउंडेशनच्या चिठ्ठ्या सारख्या येतात. देणगी दिली नाही तर मुलाचे नुकसान होते का?

नाही. देणगी ऐच्छिक आहे. सरकारी शाळेला शैक्षणिक उपक्रमांसाठी शुल्क घेता येत नाही, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितले आहे. सहलीचे पैसे जमत नसतील तर मुख्याध्यापकांना एक ओळ लिहा. पैशांअभावी मुलाला वगळता येत नाही.