वाचकांचे प्रश्न : शेल गॅस म्हणजे काय?

प्रश्न : पुनर्विकासानंतर आमच्या घरी पाइपचा गॅस आला. अमेरिकेत शेल गॅसमुळे गॅस स्वस्त झाला, असे वाचनात येते. हा गॅस वेगळा असतो का? तो आपल्याकडे का निघत नाही? – एक वाचक, परळ

उत्तर : तुमच्या शेगडीत जळतो तो मुख्यतः मिथेन वायू, आणि शेल गॅस म्हणजेही तोच. फरक आहे तो खडकाचा. मुंबई हायच्या सच्छिद्र चुनखडकातून वायू दाबाने विहिरीकडे वाहत येतो. शेल हा बारीक चिखलाचे थर दाबले जाऊन झालेला, अतिशय घट्ट खडक आहे. आपल्या लहानपणची दगडी पाटी हे त्याचेच उष्णतेने आणि दाबाने बदललेले रूप. तिच्या फुटलेल्या कडेचे पापुद्रे ज्यांनी नखाने सोडवले असतील, त्यांना शेलची जात सहज कळेल.

या थरांत कोंडलेला वायू काढण्यासाठी दोन-तीन किलोमीटर खोल गेलेली विहीर आडवी वळवतात आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू व थोडी रसायने आत सोडतात, तेव्हा खडकाला भेगा पडतात आणि वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. टेक्सासमधील बार्नेट क्षेत्रात जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने अनेक वर्षे चिकाटीने प्रयोग करून १९९० च्या दशकाअखेरीस भेगा पाडण्याचे हे तंत्र किफायतशीर केले. आज अमेरिकेतील सुमारे तीन-चतुर्थांश नैसर्गिक वायू शेलमधून येतो.

मात्र एका विहिरीला एक ते दोन कोटी लिटर पाणी लागू शकते, म्हणजे दहा हजार लिटरचे एक ते दोन हजार टँकर. त्यातले जे परत येते ते खारट व दूषित असते. तेल-वायू विहिरींचे असे खारट सांडपाणी खोल जमिनीत सोडल्याने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात भूकंप वाढले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या देशात वायूच्या साठ्याआधी या पाण्याचा हिशेब मांडला गेला पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते.

भारतात ओएनजीसीला जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळ शेल गॅस आढळला आणि २०१३ मध्ये सरकारने धोरणही आखले. व्यापारी उत्पादन मात्र उभे राहिले नाही. मुंबईखाली तर लाव्हाचा काळा कातळ आहे. तरीही अमेरिकेचा वायू कोकणात पोहोचला आहे : उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप केलेल्या वायूचे ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीचे अमेरिकेहून आलेले पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये दाभोळला लागले.