घरी सिगार ठेवताना आर्द्रता किती असावी आणि ती कशी टिकवायची?

आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस ठेवा. पण आधी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) तपासा, बरेचदा खोट तिथेच असते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करा (विरघळू देऊ नका) आणि हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जितका फरक दिसेल, तितका पुढच्या प्रत्येक मोजणीत हिशेबात धरून चला.

नवशिक्याला लाकडी पेटीपेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि ६५ किंवा ६९ टक्क्यांचं आर्द्रता-पाकीट जास्त सोपं जातं. ते ओलावा सोडतं तसं शोषूनही घेतं. स्पंज वापरलात तर पाणी डिस्टिल्डच हवं. फ्रिजमध्ये सिगार उघडे ठेवू नका, तिथली हवा कोरडी असते. आणि २५ अंशांच्या वर उष्णता गेली, तर तंबाखूतल्या किड्यांची अंडी फुटून सिगारला भोकं पडू शकतात.