आरटी कर्नलवर जीडीबी जोडला की 'स्लीपिंग फंक्शन'चा बग येतोय

भावा, शिरोली एमआयडीसीतल्या त्या मशीनच्या कंट्रोलरवर तू प्रीएम्प्ट-आरटी (रिअल-टाइम) लिनक्स कर्नल टाकलायस, एरवी सगळं नीट चालतंय आणि जीडीबी (डीबगर) जोडून ब्रेकपॉइंटला थांबलं की लॉगमध्ये 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट' (झोपू नये तिथं झोपू शकणारं फंक्शन बोलावलं) येतंय, म्हणून कर्नलच्या सिग्नलच्या कोडमधलं प्रीएम्प्ट_डिसेबल (चालू टास्ककडून सीपीयू मध्येच काढून घेणं, म्हणजे प्रीएम्प्शन, बंद करणारी ओळ) उडवू का विचारतोयस. उडव, पण फक्त आरटीपुरतं.

ते तिथं का आहे बघ. ट्रेस होणारी, म्हणजे जीडीबी जिच्यावर नजर ठेवतोय ती प्रोसेस थांबते पीट्रेस_स्टॉप या फंक्शनमध्ये. आधी जीडीबीला उठवते, मग टास्कलिस्ट_लॉक (प्रोसेसच्या यादीचं कुलूप) सोडते, मग सीग्रुप_एन्टर_फ्रोझन (आपल्या गटात 'थांबले' अशी नोंद), शेवटी शेड्यूल (सीपीयू सोडणं). आता लॉक सोडल्या सोडल्या जीडीबीनं हिच्याच हातातला सीपीयू काढून घेतला तर ही अजून रनक्यूवरच (सीपीयूसाठीच्या रांगेत), मग जीडीबी वेट_टास्क_इनॲक्टिव्हमध्ये (ही खरंच थांबायची वाट बघणारं फंक्शन) जाऊन बघतोय तर बया अजून गेलीच नाही, बसा एक टिक झोपून. एचझेड (सेकंदाला किती टिक) 250 असलं तर 4 मिलिसेकंद, आणि एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं टूल) लावलास तर प्रत्येक सिस्टिम कॉलला जाताना-येताना दोनदा थांबणं, हिशेब तूच कर. एवढ्यासाठी प्रीएम्प्शन बंद ठेवलंय. म्हणजे ती ओळ निव्वळ स्पीडसाठी आहे, ती नसली म्हणून काही चुकत नाही.

आरटीत घोळ होतो तो सीग्रुप_एन्टर_फ्रोझनमध्ये. ते सीएसएस_सेट_लॉक नावाचा स्पिनलॉक घेतं, साध्या कर्नलमध्ये तो खरंच स्पिन करतो, म्हणजे लॉक मिळेपर्यंत जागेवरच फिरत राहतो, आरटीत तोच आतून आरटी-म्युटेक्स (झोपून वाट बघायला लावणारा लॉक) असतो, लॉक मिळाला नाही की टास्क झोपणार, आणि प्रीएम्प्शन बंद असताना झोपायचं कसं?

तर प्रीएम्प्ट_डिसेबल आणि खालचं त्याच्या जोडीचं प्रीएम्प्ट_एनेबल_नो_रीशेड, दोन्ही 'कॉन्फिग_प्रीएम्प्ट_आरटी नसेल तरच' अशा अटीत घाल. एक घातलं आणि दुसरं राहिलं तर प्रीएम्प्ट काउंट (प्रीएम्प्शन किती वेळा बंद केलंय त्याची मोजणी) बिघडून नवीनच कुटाणा. सीएसएस_सेट_लॉकला रॉ स्पिनलॉक (आरटीतही खरंच स्पिन करणारा) करायची आयडिया कुणी देईल, ऐकू नको, मग लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) बोंबलली की आरटी घेऊन काय उपयोग. डिबग_अटॉमिक_स्लीप (हा मेसेज देणारी तपासणी) बंद करून मेसेज घालवणं तर त्याहून वाईट, कारण लॉकवर खरंच भांडण लागलं की 'शेड्यूलिंग व्हाइल अटॉमिक' ही चूक येणारच.

आणि जुन्या कर्नलवर अडकून राहायची सक्ती नसेल तर सरळ कर्नल 6.12 घे की, तिथपासून आरटी मेनलाइनमध्येच (मूळ लिनक्समध्येच) आहे आणि हा फिक्सपण त्यात आहे, हातानं पॅच लावत बसायला नको. नाहीच जमलं तर पॅच लावून एकीकडं सायक्लिकटेस्ट (लेटन्सी मोजणारं टूल) चालू ठेव, दुसरीकडं एसट्रेस, आणि लॉगमध्ये तो मेसेज परत येतोय का बघ.