पेबरन्योडरमधली पिंपळी

डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, नाताळासाठी तेथे घरोघरी भाजल्या जाणाऱ्या 'पेबरन्योडर' या सुपारीएवढ्या मसालेदार बिस्किटांना मराठीत 'मिरी-काजू' म्हणावे काय.

कृपया म्हणू नये. हे भाषांतर माझ्या कानावर वारंवार येते आणि प्रत्येक वेळी खटकते, कारण या बिस्किटांत काजू नसतो. 'न्योड' म्हणजे कठीण कवचाचे फळ हे खरे, पण येथे तो शब्द केवळ आकार सांगतो. गुलाबजामात जांभूळ कोणी शोधत नाही. 'पेबरन्योडर' हे मुळातच अनेकवचन असल्याने त्याचे 'पेबरन्योडर्स' करणेही चुकीचे आहे.

खरी गंमत 'पेबर' या शब्दात आहे. आज त्याचा अर्थ मिरी असा होत असला, तरी त्याचे मूळ संस्कृतातील 'मरिच' (मिरी) नव्हे, तर 'पिप्पली', म्हणजेच काढ्यात पडणारी आपली पिंपळी आहे. हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेकडे निघाला, इराणी भाषांत त्यातील 'ल'चा 'र' झाला, ग्रीकांनी त्याचे 'पेपेरी' केले, रोमनांनी 'पिपेर', आणि तेथून तो जर्मन, डॅनिश यांसारख्या जर्मानिक भाषांत शिरून डेन्मार्कला पोहोचला. वाटेत पिंपळीची जागा काळ्या मिरीने घेतली, नाव मात्र पिंपळीचेच राहिले. त्याही मागे गेल्यास 'पिप्पल' हा शब्द भेटतो. ऋग्वेदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांपैकी एक जे गोड फळ खातो, ते 'पिप्पल'च आहे: 'तयोरन्यः पिप्पलं स्वाद्वत्ति'. नाताळच्या गोड खाऊच्या नावात हे फळ दडलेले असावे, याचा मला अपार आनंद होतो.

पूर्वी या बिस्किटांत मिरी असे म्हणून त्यांना हे नाव पडले, एवढ्यावर काही जाणकार विषय संपवतात. ते मला मुळीच मान्य नाही. पांढरी मिरी काही पाककृतींत आजही असते. पण स्वीडनच्या 'पेप्पारकाकोर' या मसालेदार बिस्किटांत आणि जर्मनीच्या 'फेफरकूखन' या मसालेदार केकमध्ये ती सहसा नसते, नावात मात्र 'मिरी' असतेच. माझ्या मते या नावांतील 'मिरी' म्हणजे दूर देशाहून आलेला कोणताही उंची मसाला होय, आणि दालचिनी, सुंठ व वेलदोडा हे सारे त्या एका शब्दात मावतात. हे लक्षात न घेता केवळ घटकांची यादी तपासून व्युत्पत्ती ठरवणे हा आळस आहे.

तेव्हा मूळ नाव तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात 'मसाल्याची बिस्किटे' एवढा खुलासा करावा. पुढच्या डिसेंबरात, लोणी, साखर व मैद्याच्या पिठाच्या बोटभर जाडीच्या वळ्या करून त्यांचे तुकडे कापण्यापूर्वी, त्या पिठात पिंपळीची चिमूटभर पूड अवश्य घालावी.