‘स्मार्ट शेती’तले दुखणे

‘स्मार्ट शेती’ला मराठीत ‘हुशार शेती’ म्हणावे का, असा प्रश्न आला आहे. ‘स्मार्ट’चे चुणचुणीत, टापटीप हे अर्थ सर्वांना ठाऊक असल्यामुळे ते सोडून देतो. मला खटकते ते ‘आम्ही शेतकऱ्याला स्मार्ट करू’ हे पुढाऱ्यांचे पालुपद. ओलावा मोजणाऱ्या संवेदकांचे (सेन्सरांचे) आणि त्यांच्या नोंदींवरून पाणी-खत ठरवणाऱ्या प्रणालीचे विशेषण त्यात गुपचूप माणसाला चिकटते, आणि तो आजवर अडाणी होता हे चर्चेआधीच मान्य होऊन बसते.

गंमत अशी की जुन्या इंग्रजीत ‘स्मार्ट’चा अर्थ झोंबणारा, वेदना देणारा असा होता. तडफदार, तल्लख हे अर्थ नंतरचे. आपला ‘कुशल’ ह्याच धारेवर, पण उलट बाजूने उभा आहे. परंपरेने सांगितलेली त्याची व्युत्पत्ती ‘कुश आणणारा’ अशी, म्हणजे धारदार पात्याने बोट कापून न घेता दर्भ खुडणारा. संस्कृत काव्यशास्त्रज्ञ मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हा शब्द रूढ लक्षणेचे, म्हणजे मुख्यार्थ बाजूला सारून रूढीने दुसराच अर्थ घेण्याचे, उदाहरण म्हणून दिला. त्याच्या नंतरच्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त ते उदाहरण खोडले, कारण व्युत्पत्तीलाच मुख्यार्थ मानले तर ‘गो’ हा शब्द ‘जाणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून आल्यामुळे ‘गाय झोपली आहे’ ह्या साध्या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल. युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो करणाऱ्याने दर्भ कधी हाताने उपटला नसावा, अशी मला दाट शंका आहे.

स्मार्ट शेतीचे समर्थक पाणी, खत आणि औषधांच्या बचतीवर बोलतात, आणि ती बचत खोटी नाही. विरोधकांना झोंबते ते निराळेच: यंत्रांचा खर्च मोठ्या जमिनीवर सहज पसरतो, लहान शेतकऱ्याच्या मात्र तो अंगावर येतो, शेतातल्या नोंदींवर मालकी कोणाची हे करारातल्या बारीक अक्षरांत ठरते, आणि बंद पडलेले यंत्र उत्पादकाच्या सॉफ्टवेअरवाचून उघडत नाही. ह्या शेवटच्या तक्रारीवर अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये कायदाच केला आणि दुरुस्तीची माहिती, सुटे भाग व साधने शेतकऱ्याला उपलब्ध करून देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. ट्रॅक्टर स्वतः खोलून दुरुस्त करणारा तो माणूस ‘कुशल’ खरा, मग विश्वनाथ काहीही म्हणो.

राहिला ‘हुशार’. तो फारसी ‘होश’वरून आलेला, म्हणजे मुळात शुद्धीवर असलेला, सावध. यंत्राला शुद्ध नसते, तेव्हा ‘हुशार शेती’ नको. मोजूनमापून करायच्या शेतीसाठी ‘काटेकोर शेती’ हा शब्द आधीच रुळलेला आहे, तोच वापरावा.