पब क्विझला एकटाच गेलो तर कुठल्या टीममध्ये घेतील का?

हो, बिनधास्त जा. फक्त अर्धा तास आधी पोहोचा आणि क्विझमास्टरलाच विचारा, कुठल्या टीममध्ये जागा आहे. टीम बहुतेक चार ते सहा जणांची असते, त्यामुळे दोघं-तिघंच बसलेलं टेबल तुम्हाला आनंदानं सामावून घेतं. खेळ, सिनेमा, भूगोल, जे पक्कं असेल ते आधीच सांगून टाका.

आणि खात्री नसली तरी बोला, शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. माझ्या पहिल्याच वेळी ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारली होती. सगळे सिडनी म्हणत होते, कागदावर ‘सि’ लिहूनही झाला होता. मी कुजबुजलो, ‘कॅनबेरा.’ पुढच्या फेरीला पेन माझ्या हातात होतं!

फोन मात्र खिशातच राहू द्या, नाहीतर अख्खी टीम बाद होऊ शकते.